न मारलेल्या बुडीची टिप

परवा शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी आमच्या टीममधला एक पोरगा मालवणचा व्हिडिओ दाखवत होता. तीन मिनिटांचा व्हिडिओ, मागे कुठलंतरी हिंदी गाणं, आणि पाण्याखाली आमचे हे साहेब दोन्ही हातांनी ‘ओके’ची खूण करत हसतायत (तोंडात रेग्युलेटर असताना जितकं हसता येतं तितकं). भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका, कारण गाईडने साहेबांच्या तोंडासमोर पावाचा चुरा धरलाय.

"एक नंबर सर्व्हिस होती यार! मी त्याला वरून पाचशे दिले."

म्हटलं, एक नंबर म्हणजे नक्की काय केलं त्याने?

तर त्याने मासे जवळ आणले, प्रवाळाला हात लावू दिला, दहा मिनिटं ठरलेली असताना पंधरा मिनिटं खाली ठेवलं, व्हिडिओ काढला, वर आल्यावर पाठ थोपटली आणि "सर, तुम्ही तर नॅचरल आहात" असंही म्हणाला.

"तुला आधी काही विचारलं का? दमा, बीपी, सर्दी, कानाचं काही?"

"एक फॉर्म होता. सही केली कसलीतरी."

"आणि कान दुखला तर काय खूण करायची?"

"अरे तो होता ना सोबत! त्यानेच सगळं केलं. मला काहीच करावं लागलं नाही."

पोरगा गुणी आहे, त्याच्यावर माझा काही राग नाही. पण ते ‘मला काहीच करावं लागलं नाही’ डोक्यात बसलं ते बसलंच, म्हणून शनिवारची झोप सोडून हे खरडतोय.

माझं म्हणणं असं, आणि आज ते जरा चढ्या आवाजातच सांगणार आहे, की स्कूबाच्या बाबतीत आपण गिऱ्हाईक म्हणून ज्याला चांगली सर्व्हिस म्हणतो ती बरेचदा वाईट सर्व्हिस असते. आणि आपण खूश होऊन देतो ती टिप तिला आणखी वाईट करते.

आपली सर्व्हिसची सगळी समज हॉटेलात तयार झालेली आहे. वेटर हसला, पाणी न मागता आलं, कांदा-लिंबू पुन्हा मागितल्यावर कपाळाला आठी पडली नाही, की आपण बडीशेपेच्या वाटीत वीसची नोट सरकवतो. तिथे ते ठीकच आहे. वेटर चुकला तर काय होणार, आमटी अळणी येईल. समुद्रात दहा मीटर खाली गेलात की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा, श्वास रोखून वर आलात, तर दुप्पट जागा मागते, आणि फुफ्फुस म्हणजे काही जत्रेतला फुगा नव्हे. म्हणून पहिला नियम एकच, श्वास कधीही रोखायचा नाही. आणि घाबरलेला माणूस पहिलं काय करतो? श्वास रोखतो आणि वर धाव घेतो. हे होऊ न देणं हेच गाईडचं मुख्य काम. त्यासाठी तो तुमच्या डोळ्यांकडे बघत असायला हवा, आणि ज्याच्या हातात कॅमेरा आहे तो कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत असतो.

(मालवणात बऱ्याच ठिकाणी गाईड आणि फोटोवाला असे दोघे खाली असतात. तसं असेल तर माझी तक्रार नाही. एकच माणूस दोन्ही करत असेल तर आहे.)

आता माझी स्वतःची पापं. कारण हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही.

2013 च्या जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला मी ओपन वॉटरचा कोर्स केला. (2018 पासून त्याचं नाव स्वराज द्वीप, पण डायव्हर मंडळींच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे.) चार दिवसांचा कोर्स, हातात कार्ड आणि डोक्यात हवा. या कार्डावर अठरा मीटरपर्यंत जाता येतं, त्याखाली जायचं तर पुढचं प्रशिक्षण घ्यायचं. मला मात्र तीस मीटरवरची एक जागा बघायची होती, कारण शेजारच्या खोलीतला एक बंगळुरूवाला ती बघून आला होता आणि रात्री जेवताना त्याने आमचं डोकं उठवलं होतं. माझ्या शाळेने नाही म्हटलं. मग मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथला गाईड म्हणाला, "नो प्रॉब्लेम सर, तुमच्यासाठी करू." आणि मी म्हटलं, याला म्हणतात सर्व्हिस!

तीस मीटरवर दाब चौपट असतो, म्हणजे तेवढ्याच श्वासांना हवा पृष्ठभागापेक्षा चौपट लागते. त्यात मी नवशिका, धापा टाकत श्वास घेणारा. हे गणित मला तेव्हाही येत होतं, परीक्षेत बरोबर सोडवलं होतं. पण खाली गेल्यावर किरणांनी भरलेलं ते निळं पाणी, बराकुडांची रांग... गेजकडे लक्ष गेलं तेव्हा काटा सत्तरवर. साधारण दोनशेवर सुरुवात करतात आणि पन्नास शिल्लक ठेवून वर यायचं असतं. गाईड पुढे दहा-बारा मीटरवर मला दाखवायला काहीतरी शोधत होता. त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत आणखी हवा संपली. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, आम्ही जेमतेम एक मिनिट थांबलो, आणि वर आलो तेव्हा काटा वीसच्या खाली होता.

काही झालं नाही. म्हणूनच त्याचा अर्थ मला कळला नाही. बोटीवर गाईडने टँक स्वतः उतरवून घेतला, गरम चहा दिला. मी त्याला दोन हजार रुपये टिप दिली आणि नेटवर पाच तारे देऊन लिहिलं, ‘अतिशय मनमिळाऊ आणि फ्लेक्झिबल स्टाफ’. फ्लेक्झिबल! हा शब्द आज आठवला की कानशिलं गरम होतात. ज्या शाळेने मला नाही म्हटलं होतं, तिला मी काय दिलं? काही नाही. तिच्याबद्दल चांगलं लिहायचंही राहून गेलं.

दुसरा प्रसंग मालवणचाच, 2022 च्या डिसेंबरचा. बायको, मी आणि मेहुणा. मेहुण्याला लहानपणापासून दमा, पण हल्ली क्वचित त्रास. फॉर्मवर प्रश्न होता, ‘दमा आहे किंवा कधी होता का?’ तो पेन धरून माझ्याकडे बघायला लागला. "जिजू, काय लिहू?" आणि चाळीसेक डाइव्ह केलेल्या, स्वतःला अनुभवी समजणाऱ्या जिजूने सांगितलं, "‘नाही’वर टिक कर. हो लिहिलंस तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत बसतील."

हो, हे मीच सांगितलं. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

आमचा गाईड पंचविशीतला, तारकर्लीकडचा, अंगाने काटकुळा. त्याने फॉर्म वाचला आणि बाजूला ठेवला. मग एकेकाला समोर बसवून तेच प्रश्न तोंडाने विचारायला लागला. म्हटलं, हा वेळ का काढतोय? मेहुण्याची पाळी आली. याने विचारलं, "पंप घेतास काय कधी?" मेहुणा चाचरला. पंप त्याच्या सॅकच्या बाजूच्या जाळीतच होता आणि गाईडने तो आधीच बघितला असावा असा माझा आजही संशय आहे.

"मगे ह्यांका नाय नेवचो मी."

मी सुरू झालो. पैसे भरलेत, पुण्याहून आठ तास गाडी चालवून आलोय, दोन वर्षांत एकदाही अ‍ॅटॅक आलेला नाही, सात-आठ मीटरला काय होतंय, मी स्वतः सर्टिफाइड आहे, मालकाला बोलव. शेवटी तर मी खिशाकडे हात नेला. "बघ ना जरा, तुझं काय ते करू आपण वेगळं." ही टिपच होती, फक्त आगाऊ.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पैशांचा नाय ओ. खाली ह्यांका धाप लागली तर मी काय करू, तुमीच सांगा." मग बायकोकडे वळून, "वैनी, तुमी चला, तुमका नेतंय." मेहुणा बोटीवर बसला. मी डाइव्ह केली आणि पूर्ण वेळ रागात होतो. वर आल्यावर बायकोने टिप द्यायला पर्स उघडली तर मी तिला डोळ्यांनी नको म्हटलं.

त्या रात्री लॉजवर मेहुण्याला अ‍ॅटॅक आला. फार मोठा नाही. गादीची धूळ असेल, बोटीवरचा गार वारा असेल. पंपाने दहा मिनिटांत आवरलं, अर्ध्या तासाने तो सोलकढी पीत बसला होता. पण ती दहा मिनिटं मी पलंगाच्या कडेला बसून त्याच्या छातीचा आवाज ऐकत होतो. टँकमधली हवा कोरडी असते, अगदी ठणठणीत कोरडी. दमेकऱ्याच्या नळ्या आवळल्या की श्वास आत जातो पण पुरता बाहेर येत नाही. आणि अशी अडकलेली हवा घेऊन माणूस वर आला तर तीच ती जास्त जागा मागणारी हवा, आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत असून काय उपयोग.

आता मूळ मुद्दा. त्या पोराने त्या दिवशी जे केलं त्याचा त्याला मोबदला काय? उलट तोटाच. बोटीवर गप्पांत त्याच्या जोडीदाराने सांगितलं होतं की त्यांना पैसे बुडीवर मिळतात. जितकी माणसं खाली नेली तितके. म्हणजे मेहुण्याला ‘नाय’ म्हटल्याक्षणी त्याने त्या बुडीची मजुरी घालवली, तिघांची टिप घालवली, मालकाची बोलणी खाल्ली असतील ती वेगळीच, आणि वर माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचे तारे कापले गेले असते (मी तेवढं केलं नाही, पण लॉजवर पोहोचेपर्यंत मनात मजकूर तयार होता). ‘हो’ म्हटलं तर तीन खिशांतून पैसे, ‘नाही’ म्हटलं तर शून्य. इतकं असून कोणी नाही म्हणतो, हेच आश्चर्य.

आपण आयटीवाले, आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. जी गोष्ट मोजाल तीच वाढते हे आपण रोज भोगतो. रिलीज रात्री उशिरा पडलं, सर्व्हर झोपला, एक वीर चार वाजेपर्यंत जागून तो उठवतो, आणि सोमवारी साऱ्या ग्रुपला मेल जाते, शाब्बास. आणि ज्या टेस्टरने "हे आज सोडू नका" म्हणून वाद घालून आठवडाभर आधी तेच संकट टाळलं, ती बाई अप्रेझलमध्ये ‘टीमशी जुळवून घेत नाही’ ठरते. चांगला गाईड हा त्या टेस्टरच्या जातीचा आहे. त्याचं उत्तम काम म्हणजे काहीही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीचा व्हिडिओ निघत नाही.

त्याच्या अंगावर काय पडतं तेही बघा. भरलेला टँक सोळा-सतरा किलोचा. तुम्ही एकदा खाली जाऊन येता आणि वर्षभर डीपी मिरवता. तो सीझनमध्ये दिवसाला तशा कितीतरी फेऱ्या मारतो, खाली-वर, खाली-वर. अशा सारख्या खाली-वर जाण्याने कानांना मार बसतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीनेही ते वाईट, म्हणून कोर्समध्ये आम्हाला असं करू नका असं शिकवतात. पावसाळ्यात सगळं बंद, म्हणजे कमाई बंद. आणि अशा माणसाशी आपण भाव करतो! तारकर्लीच्या रस्त्यावर ‘पलीकडचा चारशे कमी सांगतो’ म्हणून चारशे पाडून घ्यायचे, मग वर आल्यावर दोनशेची टिप देऊन मन मोठं झाल्याचं समाधान मिळवायचं. हे पाडलेले चारशे कुठून निघतात? रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगमधून, टँकच्या दाबचाचणीतून, गाईडच्या मजुरीतून, नाहीतर एका गाईडमागे दोन माणसं घालून. समुद्र स्वस्त झालेला नसतो.

"मग टिप देऊच नको," असं एक मित्र म्हणाला. त्याचं तत्त्वज्ञान असं की टिप म्हणजे मालकाने द्यायचा पगार गिऱ्हाइकाच्या खिशातून काढणं. त्यात तथ्य आहेच. ऑनसाईट जाऊन आलेल्यांना अमेरिकेचं ठाऊक असेल. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला 2.13 डॉलर आहे, आणि तो 1991 पासून हललेला नाही. बाकीचं गिऱ्हाइकाने भागवायचं (काही राज्यांत नियम वेगळे आहेत, पण मुळात हे असं). तिकडच्या डाइव्ह बोटींवरही टिप गृहीतच धरलेली असते. ही पद्धत आपल्याकडे यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण म्हणून आज समोर उभ्या असलेल्या पोराला काही न देता निघून येणं हे तत्त्व नाही, ती बचत आहे. तत्त्वासाठी टिप न देणारे मला पुष्कळ भेटलेत. त्यांची तत्त्वं नेमकी पाकीट उघडायच्या वेळीच जागी होतात.

माझं म्हणणं टिप बंद करा असं नाही, तिची दिशा बदला असं आहे. आपण टिप देऊन गाईडला शिकवत असतो. पाव चारल्याबद्दल पाचशे दिले की उद्या दहा गाईड पाव घेऊन उतरणार. त्या माशांना तिथे शेवाळ आणि बारीकसारीक खाऊन राहायचं असतं, पाव हे त्यांचं अन्न नव्हे. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, आपल्या बोटांनी तो मरू शकतो. मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं 1987 साली, म्हणजे माझ्या टीममधली बहुतेक मंडळी जन्माला येण्याआधी. आणि त्यांना हात लावू देणाऱ्याला आपण बक्षीस देतो, हात मागे ओढणाऱ्याला ‘अ‍ॅटिट्यूड आहे’ म्हणतो. गाईडने माझ्या मनगटावर फटका मारून हात बाजूला केला तर मी हल्ली खूश होतो. बायकोला यात काहीतरी विकृत वाटतं, असो.

मी हल्ली काय करतो ते सांगतो, पटलं तर बघा. भाव करत नाही. बोटीत चढण्याआधी गाईडशी पाच मिनिटं बोलतो आणि मुद्दाम सांगतो की जायचं नसलं तर स्पष्ट सांग, पैशांचं मी बघतो. उथळ पाण्यात त्याने मास्कमध्ये पाणी घालून ते काढायला लावलं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायला लावला, कान मोकळे करायला शिकवलं, खुणा पुन्हा करून घेतल्या, घाई केली नाही, की माझ्या हिशेबात निम्मी टिप तिथेच जमा झाली. खाली त्याने माझ्याआधी माझा गेज बघितला की उरलेली. कासव दिसलं की नाही याचा टिपेशी काही संबंध नाही, कासव त्याच्या पगारावर नसतं. आणि टँक भरणारा, बोट धरणारा यांच्या हातातही काहीतरी ठेवतो, कारण माझ्या फुफ्फुसात जाणारी हवा त्या माणसाने भरलेली असते आणि त्याचं तोंडही कोणी बघत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, पाणी गढूळ आहे, करंट आहे म्हणून डाइव्ह रद्द झाली तर टिप त्या दिवशी देतो. दुप्पट नाही, एवढा मी दानशूर नाही, पण ठरलेली पूर्ण. पहिल्यांदा दिली तेव्हा समोरचा पोरगा गोंधळला. "साहेब, आज तर गेलोच नाय आपण." त्याला वाटलं मी उद्याचा अ‍ॅडव्हान्स देतोय. समजावता समजावता माझीच मालवणी-पुणेरी खिचडी झाली आणि शेवटी त्याने ते पैसे हसत खिशात टाकले, बहुधा मला येडा समजून.

तारेही आता उलटे देतो. ‘आम्हाला नाही म्हणाले’ हे पहिल्या ओळीत लिहितो. परवाच्या त्या पोरालाही म्हटलं, तुझा रिव्ह्यू दाखव. त्याने आधीच टाकला होता, पाच तारे, ‘सो फ्रेंडली’. म्हटलं, बदल. म्हणाला, "सर, तुम्ही फार सिरियसली घेता."

आणि तो तारकर्लीचा? दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच जेटीवर गेलो होतो. आमची गाडी दहाला निघणार होती. तो पहिल्या बोटीने गेलेला, परत यायला वेळ लागणार होता. मी पाऊण तास थांबलो. मग टेबलामागे बसलेल्या माणसाकडे एक हजार रुपये दिले, म्हटलं काल आमच्या मेहुण्याला ज्याने नेलं नाही त्याला द्या.

"नेलं नाही? काय प्रॉब्लेम झाला काय, साहेब?" त्याने घाबरून विचारलं.

म्हटलं, नाही, प्रॉब्लेम काही झाला नाही, म्हणूनच. त्याने नोटा ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि कसलंतरी नाव वहीत लिहिलं. पोहोचले की नाही, देव जाणे. या डिसेंबरात पुन्हा जायचंय, तेव्हा विचारीन. मेहुणा म्हणतो, मी बोटीवर बसून गळ टाकीन. त्याची फी मी आत्ताच भरून ठेवलीय.